बेचकं

आदगोंडा मगदुमांची प्लिमथ
उद्यमनगरात आमच्या दारी आली ती पाठमोरी;
गल्ली अरुंद आणि तिचं बूड रुंद.
शाहूपुरीतल्या गूळ-अडत्याची गाडी,
एकावन्नचं मॉडेल, डिकीत मुंग्या.

अंग सायीच्या रंगाचं, टप तेवढा पिस्त्याचा,
आणि कमरेवरून, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत,
क्रोमची एकच पट्टी.
अब्बा म्हणाला, "ही पट्टी कशालाच धरून नाही बघ.
काढली तर गाडी पडत नाही.
पर काढून बघ, गाडी दिसतीया का."

अब्बाच्या आज्याच्या हातून तलवारी उजळून गेल्या,
अब्बाच्या हातून बंपर.
आधी तांबं, मग निकेल, वर क्रोमचा पापुद्रा
कांद्याच्या सालीहून पातळ,
आणि त्या पापुद्र्यात अख्खं उद्यमनगर:
वाकडी चिमणी, वाकडा मी,
ऑइल इंजिनांचे सांगाडे नेणारी ढकलगाडी,
सगळं पोट सुटलेलं.

बॉनेटवर जहाज होतं,
चिमुकलं, शिडं फुगलेली.
कोल्हापूरला समुद्र नाही, रंकाळा आहे;
पण मगदूम आंबा घाटानं रत्नागिरीला जायचे
तेव्हा ते खरंच समुद्राकडं निघायचं.
जाहिरातीच्या चित्रात गाडीत चौघं,
आई, बाप, मुलगी, मुलगा, सगळ्यांचे दात दिसतायत.
मगदुमांच्यात अकरा, वर गुळाचे दोन रवे,
आणि दात दिसायचे ते घाटाच्या वळणावर.

जहाजाखाली नाव. सुटी आठ अक्षरं.
अब्बाला इंग्रजी येत नव्हतं, हत्यारं यायची.
तो वाचायचा:
पळी, गुण्या, बेचकं, करवतीचे दात,
वायसर, नाल, हातोडा, शिडी.

मी नऊ वर्षांचा. मला बेचकं हवं होतं.
स्क्रूड्रायव्हर हाताशी, अब्बा जेवायला.
टक्, इतकाच आवाज.
सायकलच्या ट्यूबचं रबर बांधलं,
पहिलाच खडा ताणला
आणि ते मधोमध मोडलं.
आत राखाडी, भुसभुशीत,
जस्त का काय ते.
अमेरिका एवढीशीच जाड होती.

दुसऱ्या दिवशी अब्बा बॉनेटपुढं वाकलेला.
अक्षर गेलं होतं, पण त्याच्याखालचा रंग
दहा वर्षं उन्हाशिवाय राहिलेला,
ताज्या सायीचा.
बाकीची गाडी पिवळी पडलीय
हे आम्हाला तेव्हा कळलं.
अब्बानं पतंगाचा कागद धरला,
पेन्सिल फिरवली, आणि थांबला.
"जाडी कळंना," म्हणाला.
माझ्याकडं बघितलं नाही.
"हात पसर.
तुझ्या मुठीला माप ठाऊक असंल."

मी पसरला.
त्यानं माझी बोटं मिटवली, एकेक करून,
आत राहिलेली पोकळी कॅलिपरनं मोजली,
आकडा कागदावर लिहिला.
त्याच्या बोटांना ॲसिडचा वास होता.
मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेजारच्या फौंड्रीत रेतीत साचा उठवला,
पितळ ओतलं, कानस, बफ, तिन्ही पाणी.
मूळच्याहून जड झालं.
मगदुमांनी आठही अक्षरांवरनं बोट फिरवलं,
"ह्यातलं नवं कुठलं, शिकलगार?"
अब्बा म्हणाला, "जे मोडणार न्हाई ते."
पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत,
आणि का घेतले नाहीत ते मगदुमांना कधी कळलं नाही.

पुढच्या वर्षी शाळेत इंग्रजी सुरू झालं.
बाईंनी फळ्यावर पंचविसावं अक्षर काढलं,
विचारलं, "हे कुणाला येतंय?"
पोरांचे हात वर गेले.
मी बाकाखाली मूठ मिटली.